काढलेल्या संत्र्यावर हिरवी बुरशी : औषधात बुडवूनही माल सडला, चुकलं कुठे?

संत्राबाग_वरूड | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

साडेचार एकर संत्रा आहे, झाडं चौदा वर्षांची. यंदा आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) चांगला धरला. दरवर्षी झाडावरच बगीचा व्यापाऱ्याला देतो. यंदा ठरवलं की आपणच तोडायचं आणि आपणच विकायचं. पहिल्या तोड्याचे १८० कॅरेट निघाले. त्या आठवड्यात बाजार पडलेला होता, म्हणून माल पाच दिवस शेडमध्ये थांबवला. रचायच्या आधी सगळी फळं कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून काढली, लिटरला एक ग्रॅम. ज्या दुकानातून औषध आणलं, तिथे सांगितलं होतं की महिनाभर फळाला काही होत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी गाडी भरायला गेलो. शेडचं दार उघडताच कुबट वास आला. वरच्या कॅरेटमधलं एक फळ उचललं तर अंगठा सालीतून थेट आत गेला. त्याच्या खालच्या फळावर रुपयाएवढा पांढरा गोल, मधोमध शेवाळी हिरवी पूड. कॅरेट हलवलं तर ती पूड धुरासारखी उडाली आणि शेजारच्या चांगल्या फळांवर बसली. वडील काही बोलले नाहीत. चांगली फळं पुसून वेगळी करायला बसले, ते दुपारपर्यंत तिथेच.

दोनशेच्या आसपास किलो माल खड्ड्यात गेला. जो वाचला, तो हिरवी पूड लागलेला म्हणून पडत्या भावात गेला.

माझे प्रश्न असे : औषध कमी पडलं का? दुसरं कोणतं घ्यायचं? पुढचा तोडा पंधरा-वीस दिवसांत आहे. आणि एक गोष्ट विचारायला अवघड वाटतं, तरी विचारतो. आई दरवर्षी संत्र्याच्या साली वाळवून उटणं करते. बुडवलेल्या फळांच्या सालीही तिने पत्र्यावर वाळत घातल्यात. त्या वापराव्या का?

मोर्शीचा_गडी | १६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

भाऊ, वाचून लय वाईट वाटलं. आमच्या इकडेबी दोघातिघाइचा माल असाच गेला. औषधाचं तुमाले जाणकार सांगतीन. म्या एकच विचारतो, तोडा कोणी केला न् मजुरी कशी देली? कॅरेटवर का रोजानं?

रोगनिदान | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३५

वनस्पतिरोगशास्त्र शिकवतो, लिंबूवर्गीय फळांवर बरीच वर्षं काम केलं आहे. वर्णन इतकं नेमकं लिहिलंत की फोटोची गरज नाही. ही पेनिसिलियम डिजिटाटम, म्हणजे हिरवी बुरशी. तरी औषधाकडे जाण्याआधी चार गोष्टी सांगा.

फळ तोडल्यापासून बुडवेपर्यंत किती तास गेले? सगळ्या १८० कॅरेटना टाकीतलं पाणी एकच होतं की बदललं? याच हंगामात बागेत कार्बेन्डाझिम किंवा थायोफिनेट मिथाइल फवारलं होतं का? आणि फळं कापून काढली की ओढून?

सालींचं आधी सांगतो : त्या उटण्यात घालू नका. कारण सविस्तर उद्या लिहितो.

संत्राबाग_वरूड | १६ नोव्हेंबर, रात्री ११:०४

सर, खरं ते सांगतो. तोडा दोन दिवस चालला. बुडवायला तिसऱ्या दिवशी घेतलं, म्हणजे पहिल्या दिवशीच्या फळाला अठ्ठेचाळीस तास होऊन गेले होते. पाणी एकच, पाचशे लिटरची टाकी. शेवटी शेवटी पाण्याला चहाचा रंग आला होता. फळगळीसाठी बागेत कार्बेन्डाझिम दोनदा मारलं. तिसऱ्यांदा दुकानात ‘औषध बदलून देतो’ म्हणाले, ते थायोफिनेट मिथाइल होतं.

मोर्शीचे भाऊ, मजुरी कॅरेटवर दिली. कापून कोणीच काढलं नाही, आमच्याकडे ओढूनच तोडतात.

साली आईला सांगून काढल्या. तिला वाईट वाटलं, पण ऐकलं.

रोगनिदान | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

आता सगळं जुळलं. थोडं लांब लिहितो, कारण हे नीट कळलं तर पुढच्या तोड्याला अर्धा प्रश्न सुटेल.

हिरव्या बुरशीला धड साल फोडून आत जाता येत नाही. तिला जखम लागते. नखाचा ओरखडा, काडीचं टोचणं, कॅरेटची कड लागून फुटलेली तेलाची गाठ, किंवा ओढून तोडताना देठाजवळ सालीचा उपटलेला टवका. तिथे पाणी आणि साखर पाझरते, सालीतल्या तेलाचा वास सुटतो, आणि त्यावर पडलेला बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, जागा होतो. पंचवीस अंशांच्या आसपास तिची वाढ सर्वांत जोमाने होते, आणि नोव्हेंबरच्या दुपारी तुमच्या शेडमध्ये तेच तापमान असतं. एक-दोन दिवसांत ती सालीखाली घर करते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मऊ डाग दिसतो, मग पांढरी बुरशी आणि शेवटी हिरवी पूड. एका सडलेल्या फळावर अब्जावधी बीजाणू तयार होतात. तुम्ही धूर म्हणालात ना, तो हाच.

म्हणून काढणीनंतरच्या औषधाला वेळेची मर्यादा आहे. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत फळाला ते मिळालं पाहिजे. तुमच्या पहिल्या दिवशीच्या फळात बुरशी आत शिरून बसली होती, वरून कितीही बुडवलं तरी तिथपर्यंत औषध पुरेसं पोचत नाही.

दुसरी गोष्ट प्रतिकाराची. थायाबेन्डाझोल, बेनोमिल, कार्बेन्डाझिम, थायोफिनेट मिथाइल ही नावं चार, पण कुळ एकच. ही सगळी बुरशीच्या पेशीत एकाच जागी घाव घालतात. थायोफिनेट मिथाइलचं तर विघटन होऊन कार्बेन्डाझिमच बनतं. म्हणजे दुकानात बदलून मिळालं ते औषध बदललेलं नव्हतंच, डबा बदललेला होता. तीन फवारण्यांत बागेतली हळवी बुरशी मेली, चिवट उरली, आणि तीच फळावर बसून शेडमध्ये आली. तिला पुन्हा त्याच औषधाची आंघोळ घातली. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या लिंबूवर्गीय पॅकहाऊसनी, म्हणजे फळं धुऊन-निवडून पेट्यांत भरणाऱ्या केंद्रांनी, नेमका हाच अनुभव घेतला. थायाबेन्डाझोल आलं तेव्हा सडीचा प्रश्न मिटल्यासारखा वाटला, आणि काही वर्षांतच ते बऱ्याच ठिकाणी लागू पडेनासं झालं. मग इमाझालिल आलं. ते बुरशीच्या पेशीच्या आवरणासाठी लागणारं एर्गोस्टेरॉल बनू देत नाही, शिवाय फळ सडलंच तरी त्यावर पूड कमी धरते, त्यामुळे शेजारची फळं घाण होत नाहीत. पुढे त्यालाही न जुमानणाऱ्या बुरशी निघाल्या, मग फ्लुडिऑक्सोनिल आणि पायरिमेथानिल आले. आता शहाणे पॅकहाऊस वेगवेगळ्या कुळांची औषधं आलटून-पालटून वापरतात आणि बागेत फवारलेलं कुळ पॅकहाऊसमध्ये पुन्हा आणत नाहीत.

तिसरी गोष्ट टाकीची. चहाच्या रंगाचं पाणी म्हणजे माती, पानं, सडक्या फळाचा रस आणि बीजाणू. औषध मातीला आणि फळाला चिकटून कमी होत गेलं, बीजाणू मात्र वाढत गेले. शंभराव्या कॅरेटनंतर तुम्ही फळांना बुरशीच लावत होता, असं म्हणायला हरकत नाही. हे कठोर वाटेल, पण ते तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, त्यात तुमचा दोष नाही.

आणि हे नक्की लक्षात ठेवा : ज्या औषधाच्या लेबलवर तोडलेल्या फळावर वापरायचं असं लिहिलेलं नाही, ते तोडलेल्या फळावर वापरायचं नाही. बागेत फवारल्यावर तोडणीपर्यंत ऊन, पाऊस, दिवस यांनी फळावर उरलेला औषधाचा अंश कमी होत जातो. बुडवलेलं फळ चार दिवसांत ताटात येतं, तिथे कमी व्हायला वेळच नाही. दुकानात तोंडी सांगितलेलं प्रमाण म्हणजे लेबल नव्हे.

अकोलकर_काका | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

सर, एक शंका. आमच्या मोसंबीला पावसाळ्याच्या शेवटी खालच्या फांद्यांची फळं तपकिरी पडतात, त्यांना उग्र वास येतो. तीसुद्धा हीच का?

रोगनिदान | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

नाही काका. ती फायटोफ्थोराची तपकिरी कूज, जमिनीवरून चिखलाचे शिंतोडे उडून खालच्या फळांना लागते. तिला बागेतच आवरायचं : खालच्या फांद्यांना टेकू, पाण्याचा निचरा, बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना). हिरव्या बुरशीचं औषध तिच्यावर चालत नाही. तसंच फळ पाणचट होऊन आंबूस वास आला, तर ती आंबट कूज, जिओट्रिकम. तिच्यावर इमाझालिल किंवा थायाबेन्डाझोल काही करत नाही, आणि घाण टाकीतून ती झपाट्याने पसरते. देठाकडून काळी पडत जाणारी देठकूज आणखी वेगळी. नुसतं ‘फळ सडतं’ म्हणून औषध मागितलं की चुकीचं औषध हातात पडतं.

पॅकहाऊसवाली | १७ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मी एका पॅकहाऊसमध्ये प्रतवारी बघते. सरांनी जे सांगितलं ते आमच्याकडे रोज डोळ्यांनी दिसतं.

आमच्याकडे एक अंधारी खोली आहे. पट्ट्यावरून फळं येतात आणि वर निळसर-जांभळा अतिनील दिवा असतो. साध्या उजेडात ज्या फळावर काहीही दिसत नाही, त्याची जखम किंवा नुकती लागलेली कूज त्या दिव्याखाली पिवळसर चमकते. पहिल्यांदा त्या खोलीत उभी राहिले तेव्हा दचकले होते. ‘एक नंबर माल’ म्हणून आलेल्या गाडीतल्या फळांवर चंद्रकोरीसारख्या बारीक खुणा चमकत होत्या. त्या नखांच्या होत्या. फळावर चार-चार बोटांच्या. आमच्या मुकादम मावशींनी आपला हात दिव्याखाली धरून बोटं त्या खुणांवर टेकवून दाखवली. बरोबर बसली.

नागपुरी संत्र्याची साल सैल. कापायला नको, हाताने सुटते, म्हणून लोकांना आवडतं. तोच गुण तोडताना घात करतो. माल्टासारखं घट्ट सालीचं फळ ओढाताण सोसतं, आपलं संत्रं सोसत नाही.

दादा, तुम्हाला चार गोष्टी सांगते.

फळाला कात्री लावा, आणि तीही दोनदा. पहिल्यांदा देठ लांब ठेवून फांदीपासून तोडायचं, दुसऱ्यांदा हातात घेऊन देठ फळावरच्या हिरव्या टोपीच्या बरोबरीने कापायचा. काडी वर राहिली तर ती कॅरेटमधल्या दुसऱ्या फळाला टोचते. कात्रीची टोकं गोल हवीत.

हातमोजे सुती चालतील. नाही मिळाले तर सकाळी सगळ्यांची नखं कापून घ्या, आमच्याकडे नेलकटर दोरीला बांधून दारात टांगलेलं असतं.

दव वाळल्याशिवाय तोडा सुरू करू नका. पहाटेच्या ओल्या फळाची साल फुगलेली असते, नुसत्या दाबाने तेलाच्या गाठी फुटतात आणि मग डाग उठतात. पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस थांबा.

कॅरेटच्या तळाशी तणस घालत असाल तर ती कोरडी आणि यंदाची हवी. गेल्या वर्षीची शेडमध्ये पडून राहिलेली तणस म्हणजे बुरशीची गादी. कॅरेटही क्लोरीनच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. आणि सडकी फळं शेडच्या मागे फेकू नका. वारा तिथूनच आत येतो.

मोर्शीचा_गडी | १७ नोव्हेंबर, रात्री ८:२२

ताईनं नखाचं सांगतलं ते सोळा आणे खरं. आता माहं ऐका.

म्या सोता तोडणीले जातो, माही मायबी जात होती. कॅरेटवर मजुरी असली का हात ओढतेच. एका फळाले दोन डाव कात्री लावाची तं दिवसाचे कॅरेट निम्मे होते, न् घरी नेवाचे पैसेबी निम्मे. मालक म्हणते सांभाळून तोडा, पण हिशोब कॅरेटचाच करते. मंग मजूर काय करन? त्याले फळाचं वैर नाही. रोजानं पैसे द्या, कात्री तुमी द्या, मोजे तुमी द्या, न् झोऱ्यात फळ फेकू नोका मनून एकडाव समोर उभं राहून दाखवा. माणूस आयकते.

संत्राबाग_वरूड | १७ नोव्हेंबर, रात्री ९:००

भाऊ, हे मनाला लागलं. माझ्याकडे तोडायला आलेल्यांत दोघी जणी माझ्याच गावच्या, मला नावाने हाक मारणाऱ्या. त्यांना मी काहीच दाखवलं नव्हतं.

हॅम्बुर्गची_मावशी | १८ नोव्हेंबर, पहाटे २:४५

मूळची परतवाड्याची, एकवीस वर्षं जर्मनीत. सालींच्या प्रश्नावर लिहायलाच हवं असं वाटलं.

इथे स्पेनची संत्री येतात. जाळीच्या पिशवीला कागदी पट्टी असते आणि तिच्यावर स्पष्ट छापलेलं असतं : काढणीनंतर इमाझालिलची प्रक्रिया केलेली, कधी थायाबेन्डाझोल, कधी दोन्ही, आणि वर कोणतं मेण लावलं तेही. बऱ्याचदा खाली ओळ असते, साल खाण्यासाठी योग्य नाही. ज्यांना केकमध्ये साल किसून घालायची असते किंवा मुरंबा करायचा असतो ते बिनप्रक्रियेची फळं वेगळी मागतात, ती त्याच दुकानात शेजारी ठेवलेली असतात, थोडी महाग.

आई जायच्या आधी एकदा इकडे आली होती. तिने सवयीने साली खिडकीत वाळत घातल्या. मी तिला पट्टी वाचून दाखवली, तर म्हणाली, ‘निदान लिहिलंय तरी.’ तुमच्या धाग्यामुळे ते आठवलं. आपल्याकडे मंडईत संत्रं घेताना कोण सांगतं?

सर, गराचं काय? मुलांना द्यायला हरकत नाही ना?

रोगनिदान | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

मावशी, या औषधांचा बहुतेक अंश सालीत राहतो, गरात फार थोडा उतरतो. युरोपात संत्री आणि मँडरिनवर (सैल सालीच्या संत्र्यांवर) इमाझालिलची कमाल मर्यादा किलोला चार-पाच मिलिग्रॅमच्या घरात आहे, आणि ती सालीसकट अख्ख्या फळावर मोजतात. मर्यादेतलं फळ सोलून खायला हरकत नाही. सोलायच्या आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि सोलल्यावर हात धुऊन मग फोडी करा, नाहीतर सालीवरचं बोटांनी गराला लागतं. धुण्याने काही अंश जातो, सगळा जात नाही. म्हणून साल खाण्यात, मुरंब्यात, उटण्यात वापरायची असेल तर बिनप्रक्रियेचंच फळ घ्या. उटणं अंगाला चोळतात, लहान मुलांनाही. साल वाळली की पाणी उडतं, औषध जात नाही, उलट वजनाच्या मानाने दाट होतं.

आपल्याकडे मेणाबद्दल नियम आहे : ताज्या फळावर मधमाशीचं मेण, कार्नोबा किंवा लाखेचं मेण एवढंच चालतं, आणि तसं लेबलवर सांगावं लागतं. औषधाची माहितीही गिऱ्हाइकापर्यंत अशीच पोचायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

रसाकडेही लक्ष असू द्या. डागी माल रसाला जातो आणि तिथे फळ सालीसकट दाबलं जातं. २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने ब्राझीलहून येणाऱ्या संत्र्याच्या रसात कार्बेन्डाझिम सापडल्यावर आयात रसाची तपासणी लावली. अमेरिकेत ते लिंबूवर्गीय फळांवर मंजूर नाही. अब्जात दहा भागांवर अंश निघाला की माल अडवला जात होता. ब्राझीलमध्ये ते बागेत काळ्या ठिपक्यांच्या रोगासाठी मारत.

माती_आणि_माणूस | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

एवढं सगळं वाचून वाटतं की रसायन बंदच करावं. आजोबांच्या काळी कुठे होती ही औषधं? कडुलिंबाचा पाला घालायचे आणि भागायचं.

रोगनिदान | १८ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

तुमची कळकळ पटते. पण आजोबांचं फळ बैलगाडीने जवळच्या बाजारात जाऊन दोन-तीन दिवसांत खाल्लं जायचं. आजचं वरूडचं फळ ट्रकमध्ये चार दिवस हलत हजार किलोमीटर जातं. अशा प्रवासात बिनऔषधाचा माल टिकवायचा तर बाकीचं सगळं चोख लागतं : हात, वेळ आणि थंडावा. आणि ते चोख करता येतं, हे मी मनापासून सांगतो.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट. कॅलिफोर्नियातून पूर्वेकडे रेल्वेने जाणारी संत्री वाटेत सडून जात. अमेरिकी कृषी खात्याच्या जी. हॅरॉल्ड पॉवेल यांनी बागेपासून डब्यापर्यंत फळांचा माग काढला आणि १९०८ मध्ये निष्कर्ष छापला : सडीचं मूळ हाताळणीतल्या जखमांत आहे. कात्रीचे काप, काडीचं टोचणं, पेटीत टाकताना बसलेले मार. तेव्हा यातलं एकही औषध हाती नव्हतं. जिथे तोडणी आणि हाताळणी सुधारली तिथे सड घटली.

औषधाशिवाय दोन उपाय आहेत. एक, खाण्याचा सोडा. ३ टक्क्यांचं द्रावण, म्हणजे १०० लिटर पाण्यात ३ किलो. फळं मिनिट-दोन मिनिटं बुडवायची, पाणी कोमट असेल तर गुण जास्त. मग स्वच्छ पाण्याने हलकं धुवायचं, नाहीतर फळ लवकर सुकतं. सोडा जखमेतल्या बुरशीला थोपवतो. नंतर नवी जखम झाली तर तिथे तो नाही, म्हणून त्याला ताकद बेताची समजा. चिवट झालेल्या बुरशीवरही तो चालतो, हे तुमच्या बागेसाठी महत्त्वाचं.

दोन, थंडावा. नागपुरी संत्रं ६ ते ७ अंशांवर, हवेत ९० ते ९५ टक्के आर्द्रता ठेवून, दीड महिन्यापर्यंत राहतं. त्याखाली फार गेलात तर साल थंडीने डागाळते. या थंडीत हिरवी बुरशी अगदी मंदावते. तिची बहीण निळी बुरशी मात्र थंडीतही हळूहळू वाढते आणि एका फळाला चिकटलेल्या दुसऱ्या फळात जखमेशिवायही शिरते. म्हणून शीतगृहातला मालही अधूनमधून उघडून बघावा लागतो.

कडुलिंबाने वास येईल, हिरवी बुरशी थांबणार नाही.

देवगडची_आमराई | १८ नोव्हेंबर, रात्री ८:०५

आंब्यातली गंमत उलटी आहे, म्हणून लिहितो. आमचा करपा, म्हणजे आंब्याचा बुरशीचा रोग, मोहोरात आणि कोवळ्या फळावरच लागतो आणि सालीत गप्प बसून राहतो. फळ अढीत पिकायला लागलं की काळे ठिपके उठतात. त्यामुळे कितीही जपून झेल्याने (काठीला बांधलेल्या जाळीने) काढलं तरी बागेतला करपा येतोच. तिथे आम्ही गरम पाणी वापरतो, ५२ अंश, दहा मिनिटं. अंशाचा फरक पडला तर साल भाजते, म्हणून तापमापक धरून बसावं लागतं. हापूसला जे चालतं ते संत्र्यावर करून बघू नका एवढंच सांगायचं होतं.

नाशिकची_लेक | १८ नोव्हेंबर, रात्री ८:३०

आणि द्राक्षात करडी बुरशी शून्य अंशालाही वाढते, म्हणून पेटीत सल्फर डायऑक्साईड सोडणारा कागद ठेवतात. जास्त झालं तर मण्याचा देठाकडचा भाग पांढरा पडतो. प्रत्येक फळाची वेगळी कथा.

संत्राबाग_वरूड | १४ डिसेंबर, रात्री १०:१८

मंडळी, दुसरा तोडा झाला. सांगायला आलोय.

सगळं एकदम बदलायची हिंमत नव्हती, म्हणून तीस कॅरेट बाजूला काढले. दहा जुन्या पद्धतीने ओढून तोडलेले. दहा कात्रीने, मोजे घालून, काहीही न लावता. दहा कात्रीने तोडून त्याच संध्याकाळी सोड्याच्या कोमट पाण्यातून काढलेले. तिन्ही ढीग एकाच शेडमध्ये, मध्ये ताडपत्री. आठ दिवस थांबलो.

आज वडिलांनी आणि मी एकेक फळ मोजलं. ओढलेल्या दहा कॅरेटमध्ये १३७ फळं सडलेली. कात्रीच्या दहामध्ये २१. सोड्याच्या दहामध्ये ९. एकाच बागेचा, एकाच तोड्याचा हिशेब आहे, त्यामुळे याहून मोठा दावा करत नाही. पण वडिलांनी तो आकडा शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला.

मजुरी रोजाने दिली. खर्च वाढला, ते खरं आहे. सडलेला माल आणि पडता भाव धरला तर यंदा तरी तो भरून निघाला. पहिल्या दिवशी सकाळी मीच तासभर तोडलं, सगळ्यांसमोर. त्या दोघींतली मोठी म्हणाली, ‘दादा, कात्री बोथट हाय, मनून देठ चिंबते.’ तिने ते सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. दुपारी वरूडला जाऊन धार लावून आणली.

काढणीनंतरचं औषध यंदा वापरलं नाही. पुढे लांबच्या बाजाराला माल पाठवायचा झाला, तर पॅकहाऊसमधून, लेबलवर लिहिलेलं, वेगळ्या कुळाचं औषध लावून घेईन आणि पेटीवर छापेन. बागेतल्या फवारण्यांची वही आजपासून सुरू केली.

विहिरीजवळची दोन झाडं आईसाठी राखली आहेत. त्यांवर यापुढे काहीच मारायचं नाही असं ठरलंय. पुढच्या दिवाळीच्या उटण्याच्या साली त्याच झाडांच्या.

पॅकहाऊसवाली | १४ डिसेंबर, रात्री १०:४०

दादा, खूप बरं वाटलं. कात्रीला धार किती दिवसांनी लावता आता?

संत्राबाग_वरूड | १४ डिसेंबर, रात्री १०:४४

दर दुसऱ्या दिवशी, ताई. दगड शेडमध्येच आणून ठेवलाय. आणि दाराला दोरीने नेलकटर बांधलंय.